झेब्रा पट्टे: थांबायचं नेमकं कुणी आणि कुठे?

नाकेबंद
पांढरे पट्टे सगळ्यांच्या ओळखीचे, पण अर्थ विचारला की दोन उत्तरं येतात आणि दोन्ही ठासून. पायी चालणारा म्हणतो, इथं गाडीनं थांबायचं. गाडीवाला म्हणतो, इथून ओलांडा, पण आधी मला जाऊ द्या. यावर इतर धाग्यांत अवांतर फार होतं, म्हणून वेगळा धागा.

भारतात सध्या लागू आहेत ते मोटार वाहन चालन विनियम, २०१७. त्याआधी १९८९ चे रस्त्याचे नियम होते. २०१७ च्या विनियमांत हा मुद्दा मोकळेपणानं लिहिलाय. जिथं सिग्नल किंवा पोलीस नाही अशा पादचारी पट्ट्यांजवळ येताना चालकानं वेग कमी करायचा, थांबायचं आणि पायी जाणाऱ्याला, तसंच व्हीलचेअरवाल्याला वाट द्यायची. दुसरी गोष्ट लोकांना ठाऊकच नसते: पुढे वाहतूक तुंबलेली असेल आणि पट्ट्यांपलीकडे गाडी मावणार नसेल, तर पट्ट्यांवर चढायचंच नाही. सिग्नल हिरवा असला तरीही.

सिग्नल असलेल्या ठिकाणी मात्र पट्टे फक्त जागा दाखवतात, पाळी कुणाची ते दिवा ठरवतो. माणसाचा दिवा लाल असताना पट्ट्यांवर उतरून "झेब्रा आहे ना" म्हणण्यात अर्थ नाही.

दंड, मापं, रंग, इतर देश, ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. "आपल्याकडे कोण पाळतंय" एवढंच लिहायचं असेल तर ते सगळ्यांना माहीत आहे.

सिग्नलतोड्या
आपल्याकडे कोण पाळतंय.

(राहवलं नाही. चालू द्या.)

कलमबहाद्दर
दंडाबद्दल. चालनाचे विनियम मोटार वाहन कायद्याच्या कलम ११८ खाली केलेले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १७७अ आलं. ११८ खालचे विनियम मोडले तर दंड किमान ५०० आणि कमाल १,००० रुपये. पट्ट्यांवर वाट न देणं यात बसतं. लाल सिग्नल तोडणं त्याच दुरुस्तीनं कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक गाडी चालवण्यात घातलंय. पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार अधिसूचनेनं ठरवतं, म्हणून राज्याराज्यांत आकडा वेगळा दिसतो.

थांबरेषेचंही सांगून टाकतो. पट्ट्यांच्या अलीकडची ती आडवी जाड पांढरी रेघ. चाक तिच्या अलीकडे थांबून उपयोग नाही, गाडीचं नाक तिच्या अलीकडे हवं. कॅमेऱ्याचं चलन येतं ते बहुतेक वेळा या रेघेवरून, आणि लोक भांडतात पट्ट्यांवरून.

मोजपट्टी
मापं लिहितो. रस्त्यावरच्या खुणांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची संहिता आयआरसी:३५ आहे, पादचारी सोयींसाठी आयआरसी:१०३.

पट्टे वाहतुकीच्या दिशेला समांतर. एक पट्टा साधारण ५० सेंमी रुंद, मधली मोकळी जागाही ५० सेंमी. पट्ट्याची लांबी, म्हणजे चालणाऱ्याला मिळणारी वाट, दोन ते चार मीटर. शहरात तीन मीटरच्या खाली जाऊ नये असं माझं मत. शाळा किंवा स्टेशनसमोर चारही कमी पडतात, कारण दोन्ही बाजूंचे घोळके एकदम निघतात आणि मध्यावर आमनेसामने येतात. थांबरेषा पट्ट्यांपासून एक ते तीन मीटर अलीकडे.

आता हिशेब. सात मीटरचा दोन लेनचा रस्ता, तीन मीटर लांबीचे पट्टे. सात पट्टे बसतात. क्षेत्रफळ ७ × ०.५ × ३ = १०.५ चौरस मीटर. थर्मोप्लास्टिकचा, म्हणजे वितळवून ओतायच्या मालाचा, थर अडीच मिमी धरला तर चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास माल जातो, म्हणजे पन्नास-बावन्न किलो. २५ किलोच्या दोन गोण्यांत काम जेमतेम बसतं. रात्री चमकावं म्हणून वरून टाकायचे काचमणी चौरस मीटरला २५० ग्रॅम, एकूण २.६ किलो. ठेकेदार एका गोणीत अख्खं क्रॉसिंग उरकत असेल, तर थर सव्वा मिमीच पडतोय हे तिथल्या तिथे कळतं.

पट्ट्यांची सुरुवात कडेपासून मोजत न जाता चाकांची वाट पाहून ठरवली तर रंग जास्त टिकतो. गाड्यांची चाकं मोकळ्या जागेतून जातील असे पट्टे सरकवायचे. दुचाक्या कुठूनही जातात, पण बस आणि ट्रकची चाकं बऱ्यापैकी ठरलेल्या रेषेत असतात आणि रंग खरवडतात तीच.

डांबरट
@मोजपट्टी, आमच्याकडे लाल-पांढरे, पिवळे-काळे, काय काय रंगवतात. चालतं का?

मोजपट्टी
पट्टा पांढराच. मधली जागा लाल रंगवतात ती दिवसा उठून दिसते, रात्री पावसात दिव्याखाली लाल आणि डांबर दोन्ही काळेच दिसतात. फायदा थोडा, खर्च आणि घसरण जास्त. काँक्रीटच्या रस्त्यावर मात्र मधे काळा देणं गरजेचं, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं. मुंबईत काँक्रीटीकरण झालेल्या रस्त्यांवर दुपारी बारा वाजता पट्टे शोधावे लागतात ते याचमुळे.

थर्मोवाला
रंगाच्या कामाबद्दल सविस्तर. "चार महिन्यांत गेला" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा मालात नसून कामात असतं.

साधा इनॅमल रंग आणि थर्मोप्लास्टिक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इनॅमल ब्रशनं मारला जातो आणि वर्दळीच्या रस्त्यावर काही महिन्यांतच पुसट होतो. थर्मोप्लास्टिक म्हणजे भुकटी वितळवून ओतलेला थर. पांढऱ्या मालात बांधणारं राळ किमान १८ टक्के, टिटॅनियम डायऑक्साइड किमान १० टक्के, काचमणी ३० ते ४० टक्के, बाकी कॅल्शियम कार्बोनेट आणि भराव. स्वस्त मालात पहिली कात्री टिटॅनियमला लागते. तो पट्टा पहिल्या दिवशी पांढराच असतो, दोनेक महिन्यांत राखाडी होतो.

कामाचा क्रम: रस्ता झाडायचा, शक्य असेल तर हवेच्या झोतानं. रस्ता पूर्ण कोरडा हवा. वरून कोरडा दिसणारा चालत नाही, सकाळी दव असेल तर दहा वाजेपर्यंत थांबायचं. जुना सुटलेला थर खरवडून काढायचा. दोरी आणि खडूनं आखणी. काँक्रीटवर आणि गुळगुळीत झालेल्या जुन्या डांबरावर प्रायमर, तो पूर्ण सुकू द्यायचा. माल किटलीत १८० ते २०० अंशांवर, सतत ढवळत. पेटीनं ओढायचा आणि थर गरम असतानाच मणी पेरायचे. थंड व्हायला पंधरा मिनिटांच्या आत वेळ लागतो, तोवर शंकू हलवायचे नाहीत.

बिघडतं कुठे ते आता.

बुडबुडे आणि खड्डे आले तर खाली ओल होती किंवा प्रायमर कच्चा होता. वाफ वर येते आणि थर फोडते.

पापुद्रा सुटला तर खाली धूळ होती.

माल पिवळट पडला तर किटली जास्त तापली किंवा तोच माल परत परत तापवला.

रात्री चमकत नसेल तर मणी उशिरा पडले आणि वर नुसते बसले, पहिल्या पावसात वाहून गेले. उलट, माल फार पातळ आणि गरम असेल तर मणी बुडतात आणि तेव्हाही चमक येत नाही. मणी निम्म्याहून थोडा जास्त आत आणि बाकीचा बाहेर असला पाहिजे, तरच हेडलाइटचा प्रकाश चालकाकडे परततो.

थराची जाडी तपासायला महागडं यंत्र लागत नाही. ओढायच्या वाटेत पत्र्याचा लहान तुकडा ठेवा, पेटी त्यावरून जाऊ द्या, थंड झाल्यावर तुकडा उचलून कॅलिपरनं मोजा आणि पत्र्याची जाडी वजा करा. २.५ मिमी आली पाहिजे, मणी सोडून.

दुचाकीस्वार
पावसात या पट्ट्यांवर चाक सटकतं त्याचं काय? ब्रेक दाबला की मागचं चाक बाजूला जातं.

थर्मोवाला
होणारच. डांबराच्या खडबडीतपणात पाण्याला जागा असते, थर्मोप्लास्टिकच्या थरात नसते. त्यात दरवर्षी जुन्यावर नवा थर चढवला की पाच-सहा मिमीची पायरी तयार होते आणि कडेला पाणी साचतं. पेंडुलम यंत्रानं घसरणरोध मोजतात. मालात आणि वरून टाकायच्या मण्यांत कठीण खडी मिसळून तो वाढवता येतो, निविदेत लिहिलं तर. चालवणाऱ्यासाठी उपाय एकच. ब्रेक पट्ट्यांच्या आधी, सरळ रेषेत, दोन्ही चाकांना. पट्ट्यांवर असताना नुसता ब्रेक सैल ठेवून जायचं, आणि वळण घेत असाल तर गाडी झुकलेली असताना पट्ट्यावर जोर नको.

जर्मनीतला जोशी
इकडचा नियम सांगतो. जर्मनीत सिग्नल नसलेल्या झेब्रावर माणूस ओलांडण्याच्या बेतात आहे हे दिसलं तरी गाडीनं थांबायचं, त्यानं पाय ठेवायची वाट बघायची नाही. मोडलं तर ८० युरो आणि परवान्यावर एक दोषगुण. पुढे कोंडी असेल तर पट्ट्यांवर चढायचं नाही हा नियम इथंही आहे, आणि पट्ट्यांवर ओव्हरटेक बंद.

गंमत अशी की झेब्राचा हक्क पायी चालणाऱ्यालाच आहे. सायकलवर बसून पट्टे ओलांडले तर तो हक्क मिळत नाही. उतरून सायकल ढकलत नेली की मिळतो.

लंडनकर
पट्ट्यांचं मूळ इकडचं. १९३४ साली वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या काळात ओलांडण्याच्या जागी काळ्यापांढऱ्या खांबांवर नारिंगी गोळे लावले. जमिनीवर तेव्हा धातूच्या गुंड्या होत्या, त्या गाडीतून दिसत नसत. म्हणून १९४९ मध्ये पट्ट्यांचे प्रयोग झाले आणि १९५१ मध्ये पट्टे कायद्यात आले. १९७१ पासून दोन्ही बाजूंना नागमोडी रेघा आहेत. तिथं गाडी लावायची नाही आणि पुढच्या गाडीला ओलांडून जायचं नाही.

माणसानं पट्ट्यांवर पाय ठेवला की थांबणं इथं आधीपासून सक्तीचं होतं. जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये काठावर वाट बघणाऱ्यालाही जाऊ द्यावं असं आलं.

शारजावासी
अमिरातीत दोन्ही बाजूंना दंड. वाट दिली नाही तर चालकाला ५०० दिरहम आणि सहा काळे गुण. ठरलेल्या जागेशिवाय ओलांडलं तर पायी जाणाऱ्यालाही ४०० दिरहम. नव्यानं येणारे आपले लोक दुसऱ्यात सापडतात.

नाकेबंद
छान. आता एक शंका. दोन लेनच्या रस्त्यावर एक गाडी थांबते, माणूस उतरतो आणि दुसऱ्या लेनमधली गाडी येऊन धडकते. यात थांबणारा चांगलाच वागला ना?

मोजपट्टी
वागला चांगला, पण थांबला चुकीच्या जागी. गाडी पट्ट्यांना खेटून उभी राहिली की शेजारच्या लेनमधल्याला माणूस दिसत नाही आणि माणसाला ती गाडी दिसत नाही. बस असेल तर विचारूच नका.

उपाय रंगाचाच, आणि फुकटात पडतो. एका दिशेला एकाहून जास्त लेन असतील तर थांबरेषा एक मीटरवर न ठेवता मागे सरकवायची. थांबलेल्या गाडीपुढे मोकळी जागा राहिली की तिरकी नजर जाते. ओलांडणाऱ्यानं पहिली गाडी थांबली म्हणून पुढे न जाता तिच्या पुढच्या कोपऱ्यापाशी थबकून दुसरी लेन पाहायची. चालकासाठी: झेब्राजवळ शेजारची गाडी विनाकारण थांबलेली दिसली, तर तिला कारण आहे असं धरायचं.

वेगाचा हिशेब यात महत्त्वाचा. प्रतिक्रियेला एक सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक धरला तर ३० च्या वेगात थांबायला १४ मीटर लागतात, ४० ला २१, ५० ला ३०, ६० ला ४०. ओल्या रस्त्यावर ५० चे ३८ होतात. म्हणजे ३० नं येणारा जिथं थांबून मोकळा होतो, तिथवर ५० वाल्यानं ब्रेक जेमतेम दाबलेला असतो.

पांढरी काठी
पट्टे न दिसणाऱ्यांच्या बाजूनं काही मुद्दे. रंग तळपायाला कळत नाही. कळतो तो उतार आणि उंचवट्यांच्या फरशा.

फूटपाथचा कठडा पट्ट्यांसमोर उतरवलेला हवा, उतार १:१२. म्हणजे १५ सेंमी उंच कठड्याला १.८ मीटर लांबीचा उतार. इतकी जागा फूटपाथला नसते, म्हणून कंत्राटदार अर्ध्या मीटरची घसरगुंडी करतो आणि व्हीलचेअर पुढे कलंडते. उताराच्या पायथ्याशी ठिपक्यांच्या फरशा, पूर्ण रुंदीत. ठिपके म्हणजे थांब, लांब रेघा म्हणजे चालत राहा. या दोन फरशा उलटसुलट बसवलेल्या असतात, तेव्हा फरशी नसलेली परवडते.

आणखी दोन जागा तपासा. दुभाजक पट्ट्यांच्या ओळीत कापलेला आहे का, की पट्टे सरळ जाऊन दुभाजकाच्या भिंतीवर आपटतात? कापलेला असेल तर मधे उभं राहायला किमान १.२ मीटर हवेत, व्हीलचेअर किंवा बाबागाडीला दोन. गाड्या शिरू नयेत म्हणून खांब लावतात ते ठीक, पण दोन खांबांत व्हीलचेअर जाईल एवढं अंतर सोडा.

दादरचा दादा
सिग्नलच्या वेळेचं कुणी लिहा. हिरवा माणूस धावत सुटतो आणि म्हातारी माणसं मधेच अडकतात. (आमच्या दादरला हिरवी बाई आहे. २०२० मध्ये महापालिकेनं दिव्यांवर फ्रॉकवाली आकृती बसवली. ती पण धावतेच.)

चौकीदार
वेळेचे दोन भाग असतात. पहिला स्थिर हिरवा, लोकांनी काठावरून निघण्यासाठी, तो किमान सात सेकंद धरतात. दुसरा लुकलुकणारा, निघालेल्यांनी पोहोचण्यासाठी. लुकलुकायला लागल्यावर नव्यानं उतरायचं नाही, उतरलेल्यानं मागे फिरायचं नाही. हे माहीत नसल्यानं लोक घाबरून मधूनच परततात.

दुसऱ्या भागाचा हिशेब चालीच्या वेगावर, साधारण १.२ मीटर प्रति सेकंद. १४ मीटर रस्त्याला १२ सेकंद. सावकाश चालणाऱ्याचा वेग ०.८ धरला तर साडेसतरा. रुग्णालय, मंदिर, बाजारपेठ इथं दुसरा आकडा घ्यायला हवा, पण चौकातल्या गाड्यांचं चक्र लांबतं म्हणून कुणी घेत नाही. मधला मार्ग म्हणजे दुभाजकात नीट थांबता येईल अशी जागा देऊन दोन टप्प्यांत ओलांडू द्यायचं.

डावीकडे वळणाऱ्या गाड्या हे दुसरं दुखणं. माणसाचा दिवा हिरवा आणि त्याच वेळी डावं वळण चालू, असं असेल तर पट्टे चौकाच्या तोंडावर न ठेवता एका गाडीच्या लांबीइतके आत घ्यावेत. वळलेली गाडी मागच्यांना न अडवता थांबू शकते. फार आत नेले तर मात्र लोक तो वळसा घेत नाहीत आणि सरळ चौकातून जातात.

डांबरट
ते थ्रीडी झेब्रा कसे वाटतात? हवेत तरंगणारे ठोकळे. फोटो भारी येतात.

मोजपट्टी
फोटो भारी येतात हेच त्यांचं काम. २०१६ मध्ये अहमदाबादेत झाले, २०१७ मध्ये आइसलंडच्या इसाफ्योर्दुर गावातला गाजला. तो भास एका ठरावीक उंचीवरून आणि अंतरावरूनच होतो. ट्रकवाल्याला नुसता गिचमिड रंग दिसतो, उलट बाजूनं येणाऱ्याला भास होतच नाही. रोजच्या चालकाला आठवड्यात सवय होते. नवख्यानं मात्र खरा अडथळा समजून करकचून ब्रेक दाबला तर मागची दुचाकी त्याच्यावर. वर रंगलेलं क्षेत्रफळ वाढतं, म्हणजे पावसात घसरण वाढते.

पैसे खर्च करायचेच असतील तर उंचावलेलं क्रॉसिंग करा. सपाट माथा पट्ट्यांच्या पूर्ण रुंदीचा, दोन्ही बाजूंना उतार, चढावर खुणा. माथा फूटपाथच्या पातळीला आला तर चालणाऱ्याला चढउतार नाही आणि गाडीला वेग कमी करावाच लागतो. यात हमखास चुकतं ते पाणी. कडेची पन्हळ बंद होते आणि पहिल्या पावसात फूटपाथच्या तोंडाशी तळं साचतं. कडेला जाळीचं गटार किंवा खालून पाइप आराखड्यातच दाखवा, नंतर कुणी खोदत नाही.

आणि दिवा. खांब पट्ट्यांच्या बरोबर डोक्यावर नको, गाड्या येतात त्या बाजूला थोडा अलीकडे हवा. मग माणसाची चालकाकडची बाजू उजळते. पलीकडे असेल तर माणूस काळी सावली होतो. दुतर्फा रस्त्याला म्हणून दोन दिवे.

नाकेबंद
२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी, असं केंद्रीय रस्ते मंत्रालयाचा अहवाल सांगतो. म्हणून आता शेवटचा भाग: पट्टे नाहीत किंवा पुसलेत, तर अर्ज कसा करायचा?

कलमबहाद्दर
आधी रस्ता कुणाचा ते काढा. शहरातला महापालिकेचा, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा किंवा केंद्राच्या वतीनं बांधकाम विभागाचा. पट्टे रस्त्याचा मालक मारतो, सिग्नल कसा चालवायचा ते वाहतूक शाखा पाहते. म्हणून अर्ज दोघांना, एकाची प्रत दुसऱ्याला.

अर्जात "झेब्रा मारा" एवढंच नको. जवळचा विजेचा किंवा दिव्याचा खांब क्रमांक, रस्त्याची मोजलेली रुंदी, दुभाजक आहे की नाही, दोन्ही दिशांचे फोटो, त्यात चालकाच्या नजरेतून एक. डांबरीकरण नुकतंच झालं असेल तर त्या कामाच्या करारात खुणांची बाब आहे का ते माहिती अधिकारात मागा. बहुतेक वेळा असते, आणि राहून गेलेली असते.

२०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९८अ लक्षात ठेवा. ठरवून दिलेली मानकं न पाळल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर रस्त्याची जबाबदारी असणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अर्जाची पोचपावती असेल तर "माहीत नव्हतं" म्हणता येत नाही.

मोजपट्टी
चौकापासून दूर, मधेच सिग्नलसह क्रॉसिंग हवं असेल तर आकडा लागतो. गर्दीच्या चार तासांची सरासरी काढा. तासाला ओलांडणारी माणसं P, दोन्ही दिशांच्या गाड्या V. V चा वर्ग करून त्याला P नं गुणा. दुभाजक नसेल तर १० कोटींच्या वर, असेल तर २० कोटींच्या वर आलं की मागणी नियमात बसते. ३०० माणसं आणि १,००० गाड्या असतील तर ३० कोटी, दोन्ही मर्यादांच्या पुढे.

या सूत्राचा दोष अर्जातच लिहा. रस्ता इतका वाईट असेल की लोक रिक्षा करून पलीकडे जातात, तर P लहान येतो आणि उत्तर निघतं की गरज नाही. अशा जागी बसथांबा, शाळा, दवाखाना किती मीटरवर आहे आणि सध्याचं सर्वात जवळचं क्रॉसिंग किती लांब, हे आकडे जोडा.

दादरचा दादा
@मोजपट्टी, गाड्या मोजायच्या म्हणजे रिक्षा आणि दुचाकीही धरायच्या?

मोजपट्टी
सगळ्या. प्रत्येक प्रकार वेगळ्या रकान्यात लिहा, पंधरा-पंधरा मिनिटांचे खण पाडून. दोन माणसं लागतात, एक गाड्यांना, एक माणसांना. पावसाच्या आणि सुट्टीच्या दिवशी मोजू नका, तो तक्ता कार्यालयात पहिल्या मिनिटाला उडवतात.

थर्मोवाला
आणि अर्ज जून उजाडायच्या आत नाहीतर ऑगस्टमध्ये. पावसात कुणी रंग मारू लागलं तर थांबवा, तो आठवडाभरही राहत नाही. पावसाळा संपल्यावर कामं निघतात, तेव्हा तुमची जागा यादीत आधीच असली पाहिजे.